तेरा ऑक्टोबर, दुपारी तीन छत्तीस

भर दुपारी शे-दीडशे माणसं एका विटांच्या भिंतीसमोर बसली होती. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी गवतावर सतरंजी अंथरली होती. थर्मास, शेंगदाण्यांच्या पिशव्या, डोक्यावर काळ्या-पिवळ्या टोप्या. समोर मैदान नाही, खेळाडू नाहीत, पडदाही नाही. एका स्पीकरमधून रेडिओची जुनी, खरखरती कॉमेंट्री ऐकू येत होती आणि सगळे कान देऊन ऐकत होते.

सामना १९६० सालचा. निकाल तिथल्या प्रत्येकाला पाठ. तरीही मधूनच कुणीतरी "अरेरे" म्हणत होतं, कुणी मूठ आवळत होतं.

"आजी, आता नीट ऐक हं," माझा बारा वर्षांचा नातू म्हणाला, "आता आपण मागे पडणार आहोत."

मी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात होते, लेकीकडे. इंदूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्या वर्षी १३ ऑक्टोबर रविवारी आला होता. "या दिवशी तुला एका ठिकाणी यायचंच आहे," असं नातवानं मला आल्या आल्या बजावून ठेवलं होतं. मला वाटलं, जत्रा असेल. तसं पाहिलं तर जत्राच होती.

एका तारखेची वही

नातवाचा जीव बेसबॉलमध्ये आणि त्यातही पिट्सबर्ग पायरेट्स या संघात. पायरेट्स म्हणजे समुद्री चाचे. समुद्रापासून इतक्या लांबच्या शहराला हे नाव कसं? १८९१ मध्ये या संघानं दुसऱ्या संघाचा एक खेळाडू आपल्याकडे ओढला, तेव्हा 'हे तर चाचेगिरी करतात' अशी ओरड झाली. यांनी रागावण्याऐवजी तेच नाव लावून घेतलं.

नातवाकडे एक वही आहे. तिच्या एका पानावर मोठ्या अक्षरांत '१३ ऑक्टोबर' लिहिलंय आणि खाली या तारखेला पायरेट्सनी खेळलेले मोठे सामने. जिंकलेले हिरव्या पेनानं, हरलेले लाल.

पहिलीच ओळ लाल आहे, १९०३ ची. अमेरिकेतल्या दोन लीगच्या विजेत्यांमध्ये जी अंतिम मालिका होते तिला वर्ल्ड सिरीज म्हणतात. आजच्या स्वरूपातली पहिली वर्ल्ड सिरीज त्या वर्षी झाली, पिट्सबर्ग आणि बॉस्टन यांच्यात. पाच सामने जिंकणारा विजेता ठरणार होता. पायरेट्स ३-१ ने पुढे होते, मग सलग चार हरले. शेवटचा सामना १३ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये झाला, ३-० असा. पायरेट्सचा सर्वांत मोठा फलंदाज होनस वॅगनर शेवटी बाद झाला आणि खेळ संपला.

मला मात्र त्यातली पुढची गोष्ट आवडली. संघाचे मालक बार्नी ड्रायफस यांनी उत्पन्नातला स्वतःचा वाटा खेळाडूंना देऊन टाकला. त्यामुळे हरलेल्या पिट्सबर्गच्या खेळाडूंच्या हाती जिंकलेल्या बॉस्टनच्या खेळाडूंपेक्षा जास्त पैसे पडले!

पुढच्या दोन ओळी हिरव्या. १९०९ मध्ये डेट्रॉइटला ८-४ ने हरवलं, १९२५ मध्ये वॉशिंग्टनला ३-२ ने. दोन्ही वर्षी काही दिवसांतच वर्ल्ड सिरीज पिट्सबर्गची झाली. आणि दोन्ही सामने झाले ते याच जागी, जिथे मी गवतावर बसले होते.

उरलेली भिंत

ड्रायफस यांनी १९०९ मध्ये इथे फोर्ब्स फील्ड नावाचं स्टेडियम बांधलं. तेव्हा हा ओकलंड भाग शहराच्या मध्यापासून लांब वाटायचा. इतक्या दूर कोण येणार, म्हणून लोकांनी त्याला 'ड्रायफसचा वेडेपणा' म्हटलं. तो वेडेपणा ६१ वर्षं चालला. २८ जून १९७० ला शेवटचा खेळ झाला आणि नंतर स्टेडियम पाडलं गेलं. त्या जागेवर आज पिट्सबर्ग विद्यापीठाच्या इमारती आहेत.

उरली आहे ती मैदानाच्या मागच्या टोकाची ही विटांची भिंत. तिच्यावर वेल चढलेली आहे आणि ऑक्टोबरात तिची पानं तांबूस होतात. भिंतीवर ४५७ आणि ४३६ हे आकडे पांढऱ्या रंगात आहेत, म्हणजे फलंदाजापासून तिथपर्यंतचं अंतर फुटांमध्ये. शेजारी झेंड्याचा जुना खांब उभा आहे. जिथे भिंत उरलेली नाही, तिथे तिची रेघ पदपथावरच्या विटांनी दाखवली आहे.

आणखी एक गंमत लेकीनं मला आदल्या आठवड्यात दाखवली होती. जवळच्या पोझवार हॉल या इमारतीत तळमजल्यावर, जमिनीत काचेखाली 'होम प्लेट' जपून ठेवली आहे. होम प्लेट म्हणजे फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती पाचकोनी पांढरी पाटी. विद्यार्थी तिच्यावरून घाईनं वर्गात जात होते. मी मात्र कडेनं गेले. का कोण जाणे, पाय ठेववेना.

ऐकू या तो सामना

क्रिकेट माहीत असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन्ही संघ आळीपाळीनं नऊ-नऊ डाव खेळतात. चेंडू थेट भिंतीपलीकडे मारला की होम रन, आपल्या षटकारासारखा. फलंदाज चारही टप्पे धावून घरी येतो आणि वाटेत थांबलेले साथीदारही, म्हणून एका फटक्यात चार धावासुद्धा होऊ शकतात.

१९६० मध्ये पायरेट्ससमोर न्यूयॉर्क यांकीज होते. श्रीमंत, बलाढ्य आणि सवयीचे विजेते. चार सामने आधी जिंकेल त्याची मालिका. यांकीजनी आपले तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे जिंकले. पायरेट्सनी तीन जिंकले, पण सगळे निसटते. सातवा सामना गुरुवारी, १३ ऑक्टोबरला फोर्ब्स फील्डवर होता. पिट्सबर्गला वर्ल्ड सिरीज जिंकून ३५ वर्षं झाली होती.

भिंतीपाशी रेकॉर्डिंग एकच्या सुमारास सुरू करतात, त्यामागचा हिशेब पुढे कळेलच. पहिल्या दोन डावांत पायरेट्स ४-० ने पुढे गेले. लोक निवांत शेंगा सोलत होते. सहाव्या डावात यांकीजच्या योगी बेरानं होम रन मारला आणि ते ५-४ ने पुढे गेले. आठव्यात ७-४. भिंतीसमोर सगळे गप्प.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मला शेंगा दिल्या. म्हणाले, "तेव्हा मी दुसरीत होतो. बाईंनी वर्गात रेडिओ लावला होता." मग हसून म्हणाले, "आता बघा, एका खड्यानं काय होतं ते."

पायरेट्सचा आठवा डाव. बिल व्हर्डननं साधा जमिनीवरून चेंडू मारला. सहज अडवला जाणारा. पण टणक जमिनीवर चेंडू वेडावाकडा उसळला आणि यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या गळ्यावर आदळला. त्याला मैदान सोडावं लागलं. जो बाद व्हायचा तो वाचला आणि डाव फिरला. एक धाव, मग रॉबेर्तो क्लेमेंतेच्या पळण्यामुळे आणखी एक. मग हॅल स्मिथ नावाच्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूनं तिघांना घरी आणणारा होम रन मारला. ९-७! भिंतीसमोरची माणसं उठून ओरडली, जणू आत्ताच घडलं.

पण नवव्यात यांकीजनी पुन्हा बरोबरी केली. ९-९.

"आजी, उभी राहा," नातू म्हणाला. सगळेच उभे राहिले होते. हळूहळू बोलणं थांबलं. कुणी मनगटावरचं घड्याळ बघत होतं, कुणी फोन. पायरेट्सच्या नवव्या डावात पहिला फलंदाज बिल मॅझरॉस्की. खाणकामगाराचा मुलगा, २४ वर्षांचा. नाव होतं ते क्षेत्ररक्षणासाठी, मोठ्या फटक्यांसाठी नव्हे. पहिला चेंडू सोडला. दुसरा मारला.

योगी बेरा भिंतीकडे धावला आणि मग नुसताच वर बघत राहिला. चेंडू भिंतीपलीकडे गेला होता. घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटं.

रेकॉर्डिंग अशा बेतानं सुरू करतात की तो फटका दर वर्षी बरोबर तीन छत्तीसला बसावा. त्या दुपारीही तसाच बसला. टोप्या हवेत उडाल्या. निवेदक चक थॉम्पसन यांची आनंदाच्या गडबडीत चूक झाली. चेंडू टाकणाऱ्याचं नाव त्यांनी चुकीचं सांगितलं, वर धावसंख्याही १०-० म्हणून गेले आणि मग दुरुस्त केली. ही चूकही इथे सगळ्यांना पाठ आहे. ती आली की लोक लाडानं हसतात, घरातल्या आजोबांच्या चुकीला हसावं तसे.

निकाल पायरेट्स १०, यांकीज ९. मालिकेत यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या होत्या आणि पायरेट्सनी २७. तरी मालिका पायरेट्सची! वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होम रननं तिथल्या तिथे संपला असं त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही. चेंडू जिथून पलीकडे गेला तो भाग आता उभा नाही. पदपथात बसवलेली एक पाटी ती जागा सांगते.

या सामन्याचं चित्रीकरण अनेक वर्षं हरवलेलं मानलं जात होतं. गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी संघाचे भागीदार होते. सामना बघण्याचा ताण सोसवेना म्हणून ते पॅरिसला निघून गेले आणि रेडिओवर ऐकलं. पण जाताना सामना फिल्मवर उतरवून ठेवायची सोय करून गेले. ती फिल्म २००९ मध्ये त्यांच्या घरातल्या वाइनच्या तळघरात सापडली. म्हणजे आता बघायची सोय आहे. तरी लोक इथे ऐकायलाच येतात.

ही प्रथा कुणा संस्थेनं सुरू केलेली नाही. १९८५ मध्ये एक चाहता एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन या भिंतीपाशी येऊन बसला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. मग बघ्यांचे सोबती झाले. २०१० मध्ये ५० वर्षं झाली तेव्हा हजाराहून जास्त लोक जमले होते आणि त्यांत खुद्द मॅझरॉस्की होते.

नदीकाठी, संध्याकाळी

तिथून आम्ही बसनं शहराच्या मध्यभागी आलो आणि पिवळ्या क्लेमेंते पुलावरून चालत नदीपलीकडे गेलो. पिट्सबर्गला अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या मिळतात आणि ओहायो नदी सुरू होते. संगमच तो. याच काठावर संघाचं सर्वांत जुनं मैदानांपैकी एक होतं, १९७० मध्ये थ्री रिव्हर्स स्टेडियम आलं आणि तेही २००१ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आता जवळच पीएनसी पार्क आहे. मैदानं बदलली, वहीतलं पान मात्र तेच.

नातवानं पुलाच्या कठड्यावर वही उघडली. १९७१, हिरवं. वर्ल्ड सिरीजमधला रात्री, दिव्यांच्या उजेडात झालेला पहिलाच सामना, १३ ऑक्टोबरला थ्री रिव्हर्समध्ये. पहिल्याच डावात बाल्टिमोरनं तीन धावा केल्या. मग २१ वर्षांच्या ब्रूस किसननं सहापेक्षा जास्त डाव चेंडू टाकले आणि एकही धाव दिली नाही. पायरेट्स ४-३ ने जिंकले. चार दिवसांनी मालिकाही जिंकली आणि हा किसन त्याच संध्याकाळी बाल्टिमोरहून विमानानं पिट्सबर्गला आला, स्वतःच्या लग्नाला!

१९७९, लाल. पुन्हा बाल्टिमोर. पायरेट्स ६-३ ने पुढे असताना आठव्या डावात सहा धावा दिल्या आणि ९-६ ने हरले. मालिकेत १-३ असे मागे. अजून एक हार आणि खेळ खलास. त्यांनी पुढचे तिन्ही सामने जिंकले. ३९ वर्षांचा विली स्टारजेल त्या संघाचा आधार होता, सगळे त्याला 'पॉप्स' म्हणजे बाबा म्हणायचे.

"मग याला हिरवं का नाही केलंस?" मी विचारलं.

"कारण १३ तारखेला हरलो होतो. १७ तारखेला जिंकलो. ते वेगळं पान आहे."

त्यानंतर पिट्सबर्गनं वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. १९९२ मध्ये १३ ऑक्टोबरला अटलांटात १३-४ असा दणदणीत विजय मिळवला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डावात २-० ने पुढे असताना ३-२ ने हरले आणि वर्ल्ड सिरीजचं दार बंद झालं. मग सलग २० वर्षं संघाला निम्मे सामनेही जिंकता आले नाहीत.

शहराचीही तीच कथा. पोलादाच्या भट्ट्यांवर उभं राहिलेलं हे गाव. १९५० मध्ये इथे पावणेसात लाख लोक राहायचे. कारखाने बंद पडले, माणसं कामासाठी देशभर पांगली, आता तीन लाखांच्या आसपास आहेत.

नातू वही मिटून म्हणाला, "आजी, आम्ही पण जाणार ना."

जावयांची बदली डॅलसला होणार होती. उन्हाळ्यात घर हलवायचं होतं. घरात त्यावर बोलणं झालं होतं, पण नातवानं तोवर अवाक्षर काढलं नव्हतं. "डॅलसला भिंत नाहीये," तो म्हणाला.

काय बोलावं मला सुचेना. मग मी त्याला आमच्या घराची गोष्ट सांगितली. आपलं घराणं मूळचं कोकणातलं, इंदूरला येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या. गावात आता घर नाही, ओळखीचं कुणी नाही. पण तुझे पणजोबा गावच्या जत्रेच्या तिथीला देवापुढे एक जास्तीचा दिवा लावायचे. आज तिकडे पालखी निघाली असेल, असं म्हणायचे. त्यांनी ती पालखी आयुष्यात एकदाच पाहिली होती. तो दिवा मी अजून लावते.

"तू पाहिलीस पालखी?"

"नाही रे. पण तिथी माहीत आहे ना."

तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भूक लागली."

जाणार असाल तर

• भिंत रॉबेर्तो क्लेमेंते ड्राइव्हवर आहे, शेनली पार्कला लागून. बघायला पैसे पडत नाहीत. १३ ऑक्टोबरला जायचं असेल तर एकच्या आधी पोचा. बसायला काहीतरी आणि एक स्वेटर न्या.

• पाच-दहा मिनिटांवर विद्यापीठाची ४२ मजली 'कॅथीड्रल ऑफ लर्निंग' आहे. १९६० चा तो सामना विद्यार्थ्यांनी हिच्या गच्चीवरून पाहिला होता आणि त्याचं छायाचित्र खूप गाजलं. आत वेगवेगळ्या देशांच्या परंपरेनुसार सजवलेले वर्ग आहेत. त्यांतला भारतीय वर्ग नालंदा विद्यापीठाच्या धर्तीवर लाल विटांचा आहे.

• पीएनसी पार्कबाहेर वॅगनर, क्लेमेंते, स्टारजेल आणि मॅझरॉस्की यांचे पुतळे आहेत. क्लेमेंते १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेले. त्यांचा क्रमांक २१ होता, म्हणून या मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे.

• आपलाही एक धागा इथे आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडून पायरेट्सनीच करारबद्ध केलं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलशी करार करणारे ते पहिले भारतीय. वरच्या लीगपर्यंत ते पोचले नाहीत, पण त्यांच्यावर सिनेमा निघाला.

• शाकाहारी असाल तर बटाट्याचं सारण भरलेले 'पिरोगी' खा. आपल्या उकडलेल्या करंजीसारखे लागतात.

एक वाजून सहा मिनिटं

पुढच्या वर्षी मी इंदूरला होते, ते तिघं डॅलसला. १३ ऑक्टोबरला रात्री झोपताना गजर लावला होता, पण त्याआधीच फोन वाजला. नातू होता. त्याच्या शाळेला सुट्टी होती. मागे तीच खरखरती कॉमेंट्री चालू होती.

"आजी, झोपली होतीस? आठवा डाव आहे. खडा येतोय."

मी उठून बसले. त्यानं रेकॉर्डिंग पिट्सबर्गच्या घड्याळाप्रमाणे लावलं होतं. डॅलसमध्ये तेव्हा दोन छत्तीस होणार होते आणि माझ्याकडे रात्रीचा एक वाजून सहा मिनिटं. फोनवर तारीख केव्हाच १४ झाली होती. मी त्याला ते सांगितलं नाही.

"आजी, उभी आहेस ना?"

"उभी आहे," मी म्हणाले. आणि खरंच, अंधारात पलंगाशेजारी उभी होते.